बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

अल ऐन
२९ डिसेंबर

रंभावन्सं,

नमस्कार नंतर, आधी तक्रार. परवा फोनवर मी घसा फोडून सगळं सांगितलं आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "पाऊस आहे का गं तिकडं?" अहो, वाळवंट आहे. कानाचं यंत्र पेटीत जपून ठेवायला घेतलंय का? तर आता लिहूनच कळवते. पान लिहायचं, फोटो काढायचा, तुमच्या फोनवर सोडायचा, एवढं मला सुनेनं शिकवलंय. चौथीपर्यंतची शाळा आहे माझी, अक्षराला नावं ठेवू नका.

आपल्या बापूच्या पर्णिकाला मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली. पणती दिसायला बापूवर गेलीय, म्हणजे नकटी, पण भूक चांगली आहे. जावई सत्यजित तिकडं दुबईजवळ जबल अलीला कंपनीत. शुक्रवारी येतो, रविवारी जातो, आणि जाताना डोळे पुसतो. मुलगी रडत नाही, बाप रडतो.

आता घराचं ऐका. बापूचा हा भाड्याचा व्हिला जुनापुराणा, दोन मजली. वर बापू आणि संध्या. खाली मी, पर्णिका आणि बाळी, कारण टाके ओले असताना तिला जिना नको. माझे गुडघे तर जिना बघूनच रडतात. इथं थंडी नसते असं मला मुंबईच्या विमानतळावर तीन शहाण्यांनी सांगितलं. पौषात इथं रात्री फरशीवर पाय ठेवून दाखवा म्हणावं.

छतावर एकच मशीन आहे. उन्हाळ्यात गार हवा सोडतं, थंडीत गरम. पत्र्याच्या बोगद्यातनं ती हवा सगळ्या खोल्यांत जाते. पण बटण एकच, आणि ते वरच्या मजल्यावर. गरम हवा वर पळते, वर उबदार झालं की बटणाला वाटतं काम झालं, आणि मशीन गप्प. वर संध्या पांघरूण फेकून झोपते, खाली आम्ही विहिरीत पडल्यासारख्या.

बापू म्हणतो, "आई, बॅलन्सिंग करावं लागतं." केलं. नोमान म्हणून मुलतानचा मेकॅनिक आला. शिडीवर चढून त्यानं वरच्या जाळ्या अर्ध्या मिटल्या, खालच्या पूर्ण उघडल्या. "अब बराबर हो जाएगा अम्मा, इन्शाल्ला." थोडं झालं, बराबर नाही झालं. बाळीची पावलं अजून गारच लागतात. दहा दिवसांचं पोर आहे, वन्सं. तिला ऊब द्यायची कशी, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय.

द्वारका

---

फलटण
२ जानेवारी

वहिनी,

यंत्र पेटीत नाही, कानातच आहे. तू बोलतेसच भांडल्यासारखी, त्याला यंत्र काय करणार?

पोरीचं ऐकून बरं वाटलं. नाक सरळ होतं, तेल लावून चोळत जा. पण मला एक सांग, इतकी बाळंतपणं काढलेली तू, मशीनच्या भरवशावर कशी बसलीस? शेक कुठाय? शेगडी कुठाय? बाजेखाली निखारे नकोत का? ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, बाळंतशोपा, दोन्ही वेळा धुरी दे. आईचं अंग आवळतं, पोराची सर्दी पळते. तिकडं कोळसा मिळत नसेल असं सांगू नकोस. सगळ्या जगाचा कबाब तिकडं भाजतात.

आणि पाचवी पुजली का? तू लिहिलं नाहीस म्हणजे पुजली नाही. सटवाई त्या रात्री कपाळावर लिहायला येते, तिला पाट नाही, दिवा नाही, कुणी जागं नाही, तर ती काय लिहील? पाचवी चुकवू नये गं.

रंभा

---

अल ऐन
६ जानेवारी

वन्सं,

पाचवीच्या रात्री आम्ही हॉस्पिटलात होतो. सटवाईला गेटवरच्या वॉचमननं पास विचारला असेल.

शेगडी मात्र तुमचं ऐकून आणली. बापू बाहेर अंगणात मांस भाजायला वापरतो ती, तीन पायांची. आधी घासून, उकळतं पाणी ओतून, गोमूत्र नाही तर हळद लावून शुद्ध केली. पर्णिका म्हणाली, "आजी, धिस इज सो अनसेफ." मी म्हटलं, "तुझा बाप याच शेकावर वाढला." ती म्हणाली, "एक्झॅक्टली." बापाला हसू आलं, मलाही आलं, पण मी दाखवलं नाही.

खोली आता अशी उबते की काय सांगू. निखाऱ्यावर राख पसरून ठेवते, रात्रभर धग टिकते. बाळी गप्प झोपते. पर्णिकाचं डोकं तेवढं दुखतं, पण बाळंतिणीचं दुखतंच.

आता कटकट ऐका. या खोलीला सरकती खिडकी आहे, ॲल्युमिनियमची, आतून खटका. रोज रात्री मी स्वतः ती ओढते, खटका लावते, वर पडदा खोचते. आणि रोज सकाळी ती चार बोटं उघडी. सगळी ऊब बाहेर.

मी आधी सुनेला धरलं. "संध्या, रात्री खाली येऊन हवा खातेस काय?"

ती म्हणाली, "आई, मी दहाला झोपते ती अलार्मला उठते. तुमच्या खोलीत यायची माझी टाप आहे का?"

मग पर्णिकाला. तिनं कपाळावर हात मारला. "आजी, मी टाके धरून बाथरूमला जाते. विंडो काय ओपन करणार?"

बापू म्हणाला, "वाऱ्यानं होत असेल." मी म्हटलं, "वारा दार ढकलतो. खटका काढून खिडकी बाजूला सरकवणारा वारा मी पाहिला नाही." तर म्हणे, "खलास, पुरे आता आई, नोमानला दाखवतो." नोमाननं दहा वेळा उघडझाप करून बघितली. खटका ताठ आहे, माझ्या अंगठ्याला जोर लावावा लागतो. तो म्हणाला, "अम्मा, अपने आप तो नहीं खुलती." हे मला माहीतच होतं.

या घरात कुणीतरी माझी फिरकी घेतंय. कळलं की कान उपटते.

द्वारका

---

फलटण
९ जानेवारी

वहिनी,

कान उपटायला जाऊ नकोस. पाया पड.

मी तुला पहिल्यापासून सांगतेय. तिला पाचवीला बोलावलं नाही, म्हणून ती आता येतेय. अजून लिहायचं राहिलंय तिचं. खिडकी उघडी राहिली तर राहू दे. पाटावर विळा ठेव, नारळ ठेव, तेलाचा दिवा लाव, आणि एक रात्र तू डोळ्याला डोळा लावू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर.

का म्हणते ते तुला ठाऊक आहे. माझी थोरली. माहेरी, कोरेगावच्या घरी, पौषातच झाली होती. पाचवीच्या रात्री आईनं मला बजावलं होतं, "रंभे, आज जागी राहा." आणि मला अशी झोप लागली की दिवस वर आला तरी जाग नाही. उठले तेव्हा डोकं फुटत होतं आणि पोर कुशीत लाकूड झाली होती. सटवाई आली आणि आई झोपलेली बघून तिला घेऊन गेली. मग तीन पोरं झाली, नातवंडं झाली, पण मी ती झोप विसरले नाही. कुणासमोर बोलत नाही. तुला म्हणून लिहिते.

तू जागी राहा, वहिनी.

रंभा

---

अल ऐन
१२ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. तुमच्या दुःखाला मी हसत नाही. पण सटवाई असो नाही तर आणि कोण, दहा रात्री पोराच्या अंगावर गार वारं सोडतं ते माझ्या कामाचं नाही. लिहायचं असेल तर दिवसा यावं, मी शाई देते.

आज बाळी दूध ओढत नाही. नुसती झोपते. तिला गारठाच बाधलाय. मी आज परकराची नवी नाडी काढली, खिडकीचा खटका आणि बाजूचा लोखंडी गज एकत्र आवळून सात गाठी मारल्या. पॅसेजमधनं थंडी येते म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. शेगडी जरा जास्त भरली.

आता बघते कोण उघडतं.

द्वारका

---

फलटण
१७ जानेवारी

वहिनी,

उत्तर नाही. तेराला मी लगेच लिहिलं होतं, ते पत्र तू उघडूनही पाहिलं नाहीस असं फोन दाखवतो.

बापूला फोन लावला. त्यानं उचलला, काहीतरी बोलला, मला फक्त "हॉस्पिटल" कळलं. कोण, ते कळलं नाही. "कोण रे, कोण?" म्हणून ओरडले, तर तो तेच तेच बोलत राहिला. मी फोन भिंतीवर आपटणार होते.

रागावली असशील तर रागव. चार शिव्या लिही. पण लिही.

रंभा

---

अल ऐन
२४ जानेवारी

वन्सं,

मी आहे. पर्णिका आहे. बाळी आहे. हे पहिल्यांदा लिहिते, मग बाकीचं.

मी गाठी मारल्या त्या रात्रीचं मला फार थोडं आठवतं. शेगडीच्या कडेला पाय करून मी खुर्चीत बसले होते, झोपायचं नाही असं ठरवून. तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे, चोर पकडायचा म्हणून. बाजेवर पर्णिका, तिच्या कुशीत बाळी. थोड्या वेळानं खिडकीकडून आवाज आला. खटका वाजावा तसा. मग नाडी ताणली जाताना करकरते तशी करकरली. मला वाटलं उठावं, पण पाय माझे नव्हतेच. मनात म्हटलं, ओढ किती ओढायचं ते, माझ्या गाठी आहेत. त्यानंतर काही नाही.

पुढचं संध्यानं सांगितलं. ती वर झोपली होती, नेहमीसारखी, पांघरूण फेकून. मध्येच थंडीनं उठली. म्हणे, "आई, अशी थंडी मी या घरात कधी पाहिली नाही. तोंडातनं वाफ निघत होती." बापूला हलवून उठवलं, तोही काकडला होता. जाळीला हात लावला तर गरम हवा येत होती. मशीन चालू. बटणावर आकडा बरोबर. आणि खोली बर्फ. ती शाल शोधायला कपाटाकडे गेली, तर कपाटापाशी जास्त थंडी. पलंगाकडे आली, तर तिथं जास्त. फक्त जिन्याच्या बाजूला जरा बरं वाटत होतं. एक पायरी उतरली की थोडं बरं, दुसरी उतरली की आणखी बरं. गुरं वळवावी तशी तिला खाली आणली, वन्सं. हे माझे शब्द. ती फक्त म्हणते, "मी उबेला खाली आले."

खाली आली तर दार उघडेना, टॉवेल अडकला होता. बापूनं खांदा लावला. आत पर्णिका उलटी करून तशीच पडलेली. मी खुर्चीत मान टाकून. बाळीचे ओठ लाल, गाजरासारखे, आणि अंगात दम नाही.

अँब्युलन्स आली. डॉक्टर पोरगी तुमच्या नातीएवढी. मला शुद्ध आली तेव्हा माझ्या तोंडावर बैलाला घालतात तसलं मुसकं बांधलं होतं. ती म्हणाली, "आजी, बंद खोलीत कोळसा? त्याच्या धगीत एक विष असतं, त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप लागते आणि तो उठत नाही. खिडकी थोडी जरी उघडी असती, तरी इतकं झालं नसतं."

खिडकी थोडी जरी उघडी असती.

बाळी आठवडाभर काचेच्या पेटीत होती. आता रडते, दूध पिते, दोन्ही हात-पाय झाडते. पुढं तपासत राहायचं म्हणाले.

घरी आल्यावर मी पहिलं खिडकीपाशी गेले. खटका तसाच लागलेला. पण नाडी अशी ओढली गेली होती की गाठी दगड झालेल्या आणि लोखंडी गज आत वाकलेला. बापूनं कात्रीनं कापली. नोमान आला, त्यानं वरचं मशीन खोलून बघितलं, दोनदा. "ऊपर तो गरम ही जा रहा था, अम्मा. ठंडा होने का कोई रास्ता नहीं." मग गज बघितला आणि हत्यारं भरून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

पर्णिकाला खुर्चीत बसवून सत्यजितनं आणि बापूनं वर नेलं. ती आणि बाळी आता वरच. ती माझ्याकडे पोर देत नाही. बरोबर आहे तिचं. मीही दिलं नसतं.

शेगडी बापूनं कचऱ्यात टाकली. मी खालच्या खोलीत एकटी झोपते. रोज खिडकी बंद करते, आणि सकाळी ती बंदच असते.

द्वारका

---

फलटण
२८ जानेवारी

वहिनी,

पत्र कितीदा वाचलं त्याला हिशेब नाही. तुम्ही सगळी वाचलात, देवाला साखर ठेवली.

मी तुला धुरी दे म्हणाले. शेगडी आण म्हणाले. त्याचं तू मला काही बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

आता मी एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, तुला ते तसंही जमत नाही.

माझ्या थोरलीच्या वेळी, कोरेगावला, खोलीत शेगडी होती ना? खिडकीला गोणपाट ठोकलं होतं ना? तू तेव्हा त्या घरात होतीस.

मला लागली ती झोप होती का, वहिनी?

रंभा

---

अल ऐन
५ फेब्रुवारी

वन्सं,

झोप नव्हती.

शेगडी होती. तुमच्या आईनं भरली होती, काठोकाठ. गोणपाट तुमच्या दादांनी ठोकलं, फटीत चिंध्या कोंबल्या. मी नवी सून, ओसरीवर ओवा निवडत होते. सगळ्यांची एकच धडपड, रंभाच्या पोरीला वारं लागू नये. तुम्ही सकाळी उठलात हेच नवल होतं, ते तेव्हा कुणाला कळलं नाही. तुम्ही पोराला टाकून झोपला नाहीत. तुमच्यावर कुणी रुसलं नव्हतं. त्या खोलीत सटवाई शिरली असती तर तीही आडवी झाली असती.

हे मी गोड करून लिहीत नाही. त्या डॉक्टर पोरीला जाऊन विचारलं. तुमचं सगळं सांगितलं, तुमचं नाव न घेता. डोकं फुटत होतं, दिवस वर येईपर्यंत जाग नाही. ती म्हणाली, "त्याचंच लक्षण आहे, आजी. त्या आईचा काही दोष नाही." मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाली.

आता दुसरं. हे मी अजून बापूला बोलले नाही.

काल संध्याकाळी पर्णिका जिना उतरून खाली आली, बाळीला घेऊन. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा. नोमाननं आता खालच्या मजल्याला वेगळं बटण बसवलंय, वर-खाली सारखी ऊब असते, तरी म्हणाली, "वर गरम होतंय, आजी." मी समजले. उन्हाची तिरीप पलंगावर होती. ती माझ्याशेजारी बसली. बाळीचं टोपडं नीट बांधलं. मग म्हणाली, "आय वॉज अँग्री. नाऊ आय ॲम नॉट. घे." आणि बाळी माझ्या मांडीवर ठेवली. मी तिला म्हटलं, "वजन भरलंय हिचं." एवढंच सुचलं.

मग ती म्हणाली, "पण आजी, खिडकी उघडी ठेव हं. प्लीज."

मी म्हटलं, "थांब, उघडते." बाळीला तिच्याकडे दिलं. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, पलंगावरनं उतरायचं म्हणजे सोहळा. एक पाय खाली टेकवला आणि दुसरा उचलतेय, तेवढ्यात खटका वाजला. आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत खिडकी सरकली. सगळी नाही. चार बोटं. आणि थांबली.

बाहेर खजुराचं पान हलत नव्हतं.

पर्णिका ओरडली नाही. मीही नाही. बाळीनं तिकडं मान वळवली आणि ओळखीचं माणूस बघून हसावं तशी हसली. बराच वेळ हसत होती. पर्णिका इथं वाढलेली, हिला शिष्टाचार फार. हळूच खिडकीला म्हणाली, "थँक यू." मी डोक्यावरून पदर घेतला. का घेतला ते विचारू नका.

तुम्ही म्हणाल सटवाई. मी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. एवढं मात्र मला दिसतं की जे कोण आहे त्याला बंद खोलीत कोळसा काय करतो ते माहीत आहे. सटवाईला ते कशाला माहीत असेल? आणि उघडते ती चारच बोटं. मोठ्या माणसाचा हात असता तर सगळी सारली असती.

तर मला एक कळवा. तुमची थोरली बारशाच्या आधीच गेली, तिला आपण कधी हाक मारली नाही. पण तुम्ही मनात काहीतरी ठरवलं असणार. काय ठेवणार होता तिचं नाव? आज संध्याकाळी पर्णिका पुन्हा खाली यायची आहे. खिडकी उघडली की नुसतं बघत बसणं बरं दिसत नाही. आत ये म्हणायला नाव लागतं.

द्वारका